अग्निशमन जवानांसाठी स्मृती राइड: तारीख, मार्ग आणि बंबाची वाट

प्रश्न थोडक्यात असा: चाळीस-पन्नास बाइक, 14 एप्रिलची सकाळ, पुण्यातून निघून मुंबईत भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयापर्यंत राइड, गाड्यांवर तिरंगे, शेवटी श्रद्धांजली. परवानगी कुठून घ्यायची, मार्ग कोणता, काय काळजी घ्यायची?

हेतू चांगला आहे, आराखडा मात्र बराच बदलावा लागेल. बदलताना एकच कसोटी लावा: राइड चालू असताना शहरात कुठे वर्दी (आग लागल्याची खबर) आली, तर आपल्यामुळे बंब एक मिनिटही खोळंबणार नाही ना? संख्या, वेळ, मार्ग, पार्किंग हे सगळं त्यावरून ठरतं. अग्निशमन जवानांच्या नावानं निघालेल्या राइडनं त्यांचीच गाडी अडवली, तर त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

तारखेपासून सुरू करू. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकाच जहाजात होती. दलाचे जवान पाणी मारत असतानाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात आणि 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. पण 14 एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंतीही. पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्याला अभिवादन करायला सकाळपासून लोटणारी गर्दी, दुपारनंतर मिरवणुका, वाहतुकीतले बदल, सगळा बंदोबस्त तिकडे. त्या दिवशी बाइक रॅलीचा अर्ज घेऊन जाणं म्हणजे नकार मागून घेणं. सप्ताहातला रविवार धरा. रविवार नेमका 14 लाच आला, तर 20 तारखेचा शनिवार. दलाची प्रात्यक्षिकं आणि शाळांमधले कार्यक्रम आठवडाभर चालू असतात, म्हणून तारीख ठरवायच्या आधी पुण्याच्या अग्निशमन मुख्यालयात विचारा. छापील बॅनर घेऊन गेल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

भायखळ्याचा बेत सगळ्यांसाठी नको. अंतर जवळपास दीडशे किलोमीटर. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, रायगड, नवी मुंबई, मुंबई अशा सहा पोलीस हद्दी लागतात आणि पन्नास गाड्यांचा ताफा म्हटला की प्रत्येक ठिकाणी पत्रव्यवहार आला. एक्सप्रेसवेवर आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे जुना महामार्ग. खंडाळ्याच्या पुढे घाटात तो काही अंतर एक्सप्रेसवेला मिळतो. तेवढ्या तुकड्यात डावी लेन सोडायची नाही आणि खोपोलीचा फाटा चुकवायचा नाही. चुकला तर थेट बंदीच्या रस्त्यावर. सहा-आठ मुरलेले रायडर वेगळ्या दिवशी नेहमीच्या प्रवासासारखे जाऊन तिथे पुष्पचक्र वाहून आले, तर उत्तम. सगळ्यांची राइड पुण्यातच ठेवा.

पुण्यातला मार्ग असा सुचवतो: कोथरूडहून पौड रस्त्यानं चांदणी चौक, तिथून बायपासनं वारजे, नवले पुलापाशी महामार्ग सोडून आंबेगावमार्गे कात्रज चौक, सातारा रस्त्यानं स्वारगेट, शंकरशेठ रस्ता, सेव्हन लव्हज चौक आणि शेवटी भवानी पेठेतलं मुख्यालय. साधारण पंचवीस किलोमीटर. हाच मार्ग उलटा घेऊ नका. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. ट्रक न्यूट्रलवर सोडणारे आणि ब्रेक तापवून बसणारे तिथेच आदळतात. उलट्या दिशेनं गेलात तर तुमची रांग त्याच उतरत्या बाजूला, हळू वेगात, त्या ट्रकांच्या पुढ्यात येते. सांगितलेल्या दिशेनं गेलात तर दुभाजकाच्या पलीकडे राहता. उड्डाणपूल, सर्व्हिस रस्ते आणि वळणं यांत सारखे बदल होत असतात, म्हणून आदल्या रविवारी त्याच वेळेला पुढच्या आणि शेवटच्या रायडरनं मार्ग एकदा फिरून घ्यावा. सातारा रस्त्यावर बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव, मार्गिका मोकळी दिसेल. तिच्यात शिरायचं नाही. बसखेरीज तिथून रुग्णवाहिका आणि बंब जातात.

वेळ: साडेपाचला जमा, सव्वासहाला निघा, साडेआठपर्यंत सगळं आटोपलेलं हवं. उन्हाचं कारण आहेच, पण नऊनंतर स्वारगेट परिसर कसा होतो ते पुणेकराला सांगायला नको.

जमायला मुख्यालयाचं दार नको. तिथे टिंबर मार्केटचे ट्रक, अरुंद रस्ते, आणि बंबाला बाहेर पडताना वळायला जागा लागते. एखाद्या कॉलेजचं किंवा शाळेचं मैदान लेखी परवानगीनं घ्या. मंगल कार्यालयाचं पार्किंग सुचेल, पण एप्रिल हा लग्नांचा महिना.

परवानगीसाठी किमान एक महिना आधी अर्ज करा. पुणे पोलीस आयुक्तालयात वाहतूक शाखेला पत्र, प्रती मार्गावरच्या पोलीस ठाण्यांना, आणि मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना वेगळं पत्र. पत्रात तारीख, जमण्याची जागा, चौकांच्या नावांसह मार्ग, निघण्या-पोहोचण्याची वेळ, गाड्यांची कमाल संख्या, तीन जबाबदार व्यक्तींचे मोबाइल आणि स्वयंसेवकांची यादी. ‘अंदाजे 50 ते 200 गाड्या’ असं लिहिलंत की फाइल बाजूला पडते. पन्नास लिहा आणि एकावन्नाव्याला परत पाठवा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, पण मुळात तो हवाय कशाला? रस्त्यावर डबे फिरवून निधी गोळा करू नका. लोकांकडून वर्गणी घ्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

आता ताफा. पन्नास गाड्या एका रांगेत चालवायच्या नाहीत. दहा-दहाचे पाच गट करा, प्रत्येकाला पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी रायडर, दोन गटांत एक मिनिट अंतर. गटात गाड्या एकाच लेनमध्ये तिरप्या: एक डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिरक्या गाडीशी एक सेकंद, सरळ पुढच्या गाडीशी दोन सेकंद. वळणावर आणि अरुंद जागी एकेरी. शहरात 35 ते 40 चा वेग, बायपासवर 50. सिग्नल लाल झाला की गट तुटू द्या. पुढचे सिग्नल ओलांडून डाव्या कडेला हळू होतील, मागचे येऊन मिळतील. चौकात बाइक आडवी लावून बाकीचे वाहन रोखणारे ‘मार्शल’ अजिबात नकोत. तो अधिकार पोलिसांचा. आणि आडव्या लावलेल्या त्या गाडीमागे अडकलेल्यांत रुग्णवाहिका असू शकते.

सायरनची कवायत मैदानात निघण्याआधी दोनदा करा. नियम सोपा: सायरन ऐकू आला की सगळे डावीकडे, एकेरी रांगेत, वेग कमी, गरज पडली तर थांबायचं. उजवीकडे कुणीही जायचं नाही. रांग दुभंगून बंब मधून सोडण्याचा विचार मोहक वाटतो, पण निम्मे रायडर दुभाजकाच्या कडेला अडकतात आणि चालकाला कोण कुठे सरकेल ते कळत नाही. बंब बहुतेक मागून येतो, म्हणून तो आधी शेवटच्या रायडरला कळतो. त्यानं तीन लांब हॉर्न द्यायचे, पुढच्यानं डावा हात उंचावून डावीकडे दाखवायचं. उजवा हात थ्रॉटलवरच. हेल्मेटमधली गाणी बंद, एवढंही सांगावं लागतं. बंब गेल्यावर दहा सेकंद थांबा, कारण त्याच्यामागे पाण्याचा टँकर किंवा रुग्णवाहिका असते. मोकळ्या झालेल्या वाटेनं बंबामागे गाडी काढायची नाही. वाट न दिल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, ती नोंदणीच्या कागदावर छापून टाका.

गाड्या बिघडतात त्या वेगामुळे नाही, सावकाश चालल्यामुळे. एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागतो तेव्हाच ते थंड राहतं. ताफ्यात रायडर अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळवत राहतो, क्लचच्या प्लेटी तापून फुगतात, लिव्हरचा मोकळा खेळ (क्लच ओढला जाण्याआधी लिव्हर जेवढा सैल हलतो तो) संपतो, क्लच पूर्ण पकडत नाही, घसरतो आणि आणखी तापतो. स्वारगेटला पोहोचेपर्यंत जळका वास. म्हणून आदल्या दिवशी खेळ तपासा. बऱ्याच कम्युटर गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर असतो, पण आपल्या गाडीचं पुस्तक पाहा. थांबलात की न्यूट्रल, मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. इंजिन ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघा. क्लच केबलचे तंतू लिव्हरपाशी सुटलेले दिसले तर केबल बदलून टाका. हवा थंड टायरमध्ये भरा, पेट्रोल आदल्या संध्याकाळी. पहाटे पन्नास गाड्या पंपावर गेल्या की अर्धा तास गेलाच.

झेंड्यांचं सांगणं आवश्यक आहे. तिरंगा बाइकवर लावू नका. ध्वजसंहितेनुसार वाहनावर राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान ठरावीक पदांनाच आहे. स्मृतीची साधी पताका करा, 20 बाय 30 सेंटिमीटर, विणीचं पॉलिएस्टर, कडा दुहेरी शिवलेल्या, कारण एकेरी शिवण बायपासच्या वाऱ्यात उसवते. काठी आठ मिलिमीटरची फायबरची, लांबी साठ सेंटिमीटर. ती मागच्या कॅरियरला किंवा ग्रॅब रेलला दोन ठिकाणी होज क्लिपनं आवळा, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे काठी फिरत नाही. प्लॅस्टिकचे झिप टाय सायलेन्सरच्या बाजूला उष्णतेनं मऊ पडतात, काठी झुकते, कापड इंडिकेटरवर येतं आणि मागच्याला वळण कळत नाही. काठी आडवी झाली तरी कापड चाकापर्यंत पोहोचता कामा नये, तेवढं मोजूनच घ्या. पिलियननं, म्हणजे मागे बसणाऱ्यानं, हातात मोठा झेंडा धरून बसायचा प्रकार बंद.

सायरन, लाल-निळे दिवे, फटफटणारे सायलेन्सर नकोत. हेल्मेट रायडर आणि पिलियन दोघांनाही, आयएसआय खुणेचं, पट्टा लावलेलं. पुण्यात हेल्मेटावर वाद घालायची हौस जुनी आहे, तो वाद इथे नको. हेल्मेटशिवाय आलेल्याला मैदानातूनच परत पाठवा. सगळ्यांच्या मागे एक कार ठेवा: पाण्याचे दोन जार, प्रथमोपचार पेटी, पंक्चरचं सामान, दोन-तीन प्रकारच्या क्लच केबल आणि दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, सील शाबूत आहे ना, ते पाहून घ्या. कार्यक्रम कुणाचा आहे ते आठवलं, तर रिकामा सिलेंडर किती वाईट दिसेल ते वेगळं सांगायला नको. 101, 108 आणि 112 हे तीन क्रमांक प्रत्येकाच्या टाकीवर चिकटवा.

मुख्यालयापाशी सगळ्यांनी गाड्या नेऊ नका. शंकरशेठ रस्त्याच्या बाजूला आधी ठरवलेल्या जागी लावा आणि चालत जा. बंब बाहेर पडण्याचा पट्टा दोरी लावून मोकळा ठेवा, फोटोसाठीही कुणी तिथे उभं राहायचं नाही. ड्यूटीवरच्या जवानांना रांगेत ताटकळत ठेवू नका. कार्यक्रम चालू असताना वर्दी आली तर ते निघून जातील. तेव्हा तुम्ही फक्त बाजूला व्हायचं आणि ते गेल्यावर पुढचं नाव वाचायचं.

कार्यक्रम वीस मिनिटांचा पुरे. एक पुष्पचक्र, नावांचं वाचन, दोन मिनिटं शांतता. नावांची यादी दलाकडूनच घ्या, इंटरनेटवरून उतरवू नका. हुद्दा बरोबर लिहा, फायरमन आणि तांडेल यांत फरक आहे आणि घरच्यांना तो कळतो. वाचणाऱ्यानं आदल्या दिवशी नावं मोठ्यानं वाचून पाहावीत. कुटुंबीयांना बोलवायचं ते दलामार्फत. ते आले तर सावलीत खुर्च्या, पाणी आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे बोलणं किंवा न बोलणं. त्यांच्या हातात माइक कोंबू नका. भाषणं शून्य. नगरसेवक आले तर त्यांनाही फूल वाहायला सांगा आणि आभार माना. इंजिनं घुमवून ‘सलामी’ देण्याची टूम अलीकडे दिसते. तीही नको, कारण जवळच वस्ती आहे आणि आत वर्दीचा फोन घेणाऱ्याला पलीकडच्या माणसाचा पत्ता ऐकू यायला हवा.

परतताना ताफा करू नका. पाच-पाच मिनिटांनी चार-पाच गाड्या सोडा, सेव्हन लव्हज चौकातून ज्याची त्याची वाट. नाश्ता एकाच ठिकाणी ठरवला असेल तर तो शंकरशेठ रस्ता सोडून पार्किंग असलेल्या जागी ठेवा, नाहीतर पन्नास गाड्या पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेला उभ्या राहतील. शेवटच्या रायडरनं भवानी पेठेतून पाण्याच्या बाटल्या आणि हारांची सुतळी उचलल्याशिवाय निघायचं नाही.