दोन इतो, दोन अर्थ

प्रश्न: माझ्या मुलाच्या कंपनीत दोन जपानी 'इतो' साहेब आहेत. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डांवरची अक्षरं मात्र वेगळी! आडनाव एकच ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: नाही, उच्चार तेवढा एक आहे. कार्डं पुन्हा नीट बघा. दोन्हींत पहिलं अक्षर 'इ' तेच असेल. एकात दुसरं अक्षर बरंच गिचमिड दिसेल. ते 'फुजि' नावाच्या जांभळ्या फुलांच्या वेलीचं. जुन्या फुजिवारा घराण्याच्या नावात तेच अक्षर 'फुजि' वाचतात. सातो, कातो, इतो यांत 'तो'. या इतोचा अर्थ 'इसे प्रांतातले फुजिवारा' असा सांगतात. दुसऱ्या कार्डावर 'पूर्व' दिशेचं अक्षर असेल, तर ते इझू भागातल्या इतो गावाशी जोडलेलं आडनाव.

सामान्य जपानी माणसाला आडनाव लावणं सक्तीचं झालं ते 1875 साली. शेत, डोंगर, नदी यांवरून कितीतरी आडनावं आहेत. 'तानाका' म्हणजे भातखाचरांच्या मधला. त्यातलं खाचराचं अक्षर मला फार आवडतं: चौकोन आणि आत फुली, अगदी बांध घातलेली चार खाचरं! हीच दोन अक्षरं उलटी लिहिली की 'नाकाता' किंवा 'नाकादा'. कोणता उच्चार, हे त्या माणसालाच विचारावं. विचारण्यात काही गैर नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी 'ताकानाशी' लिहून दाखवते. अक्षरं तीन: लहान, पक्षी, खेळणे. उच्चाराचा अर्थ मात्र 'ससाणा नाही'. ससाणा नाही, म्हणून चिमणी पाखरं निर्धास्त खेळतात.