मोटरवर २.८ व्होल्ट लिहिलंय, मग २४ व्होल्टचा सप्लाय लावला तर ती जळणार नाही का?

तुम्ही कॅमेरा सरकवणारा स्लायडर बनवताय, नेमा १७ आकाराच्या स्टेपर मोटरच्या (म्हणजे एकेक टप्पा, स्टेप, घेत फिरणाऱ्या मोटरच्या) माहितीत १.७ अँपिअर आणि २.८ व्होल्ट दिलंय, आणि ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड) मात्र ८ व्होल्टच्या खाली चालतच नाही. सप्लाय किती व्होल्टचा आणि किती अँपिअरचा घ्यावा, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: २४ व्होल्ट, २ अँपिअर. मोटर जळणार नाही, पण ड्रायव्हरची करंट मर्यादा आधी लावून घ्या.

२.८ हा आकडा येतो कुठून ते बघा. कॉइलचा रोध साधारण १.६५ ओहम. त्यातून १.७ अँपिअर वाहायला २.८ व्होल्ट पुरतात, एवढाच त्याचा अर्थ, आणि तोही मोटर जागच्या जागी उभी असताना. ती फिरायला लागली की गणित बदलतं, कारण कॉइलला इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असतो, या आकाराच्या मोटरमध्ये ३ मिलिहेन्रीच्या आसपास. त्यामुळे करंट एकदम चढत नाही. मोटरचा एक फेरा २०० स्टेपचा. सेकंदाला ५ फेरे हवे असतील तर एका स्टेपला जेमतेम १ मिलिसेकंद मिळतो. तेवढ्या वेळात २.८ व्होल्टवर करंट निम्म्यालाही पोचत नाही. २४ व्होल्टवर तो सुमारे ०.२ मिलिसेकंदात पूर्ण चढतो, आणि मर्यादा गाठली की ड्रायव्हर स्वतःच पुरवठा तोडत-जोडत तिथेच धरून ठेवतो. म्हणजे व्होल्टेज मोटरला वेग देतं, आणि तिला तापवतो तो करंट.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी माझा पहिला स्लायडर ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवत होतो. सावकाश छान सरकायचा, वेग वाढवला की मोटर किंचाळून जागीच थरथरायची. मी बेल्टचा ताण बदलला, रॉड पुसून तेल दिलं, पुली नवी आणली. शेवटी सप्लाय बदलला, आणि तोच सांगाडा त्याच मोटरवर सुरळीत धावला. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

मर्यादा ड्रायव्हरवरच्या बारीक स्क्रूने लागते. बोर्डवरचे दोन सेन्स रोधक (ज्यांवरून ड्रायव्हर करंट मोजतो ते) आधी बघा, कारण सगळ्या बोर्डांवर ते सारखे नसतात. त्यांच्यावर आर१०० असं छापलं असेल तर ते ०.१ ओहमचे, मग १ अँपिअरसाठी व्हीरेफ, म्हणजे त्या स्क्रूने बदलणारं संदर्भ व्होल्टेज, ०.८ व्होल्ट ठेवायचा (करंट गुणिले ८ गुणिले रोध). स्लायडरला १ अँपिअर बहुधा पुरतो, आणि हीटसिंक व हवा नसेल तर ए४९८८ त्याहून फारसा पेलतही नाही. मोटर हाताला गरम लागली तर घाबरू नका. मात्र तिचा धारक थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा छापलेला असेल तर जपा, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

सप्लाय २ अँपिअरचा पुरतो, कारण मोटरच्या कॉइलमधला करंट आणि सप्लायमधून ओढला जाणारा करंट एक नसतो. दोन्ही कॉइलमधून पूर्ण १.७ अँपिअर वाहत असले तरी उभ्या मोटरची उष्णता साडेनऊ वॉट, म्हणजे २४ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी. उरलेलं सरकवण्याच्या कामाला आणि ड्रायव्हरच्या तोट्याला. बंद डब्यातला अडॅप्टरच घ्या. उघड्या स्क्रू-टर्मिनलच्या एसएमपीएसवर (पत्र्याच्या डब्यातल्या पॉवर सप्लायवर) मेन्सची वायर हाताशी येते, पहिल्याच प्रकल्पात तो धोका नको.

ड्रायव्हरच्या मोटर-पुरवठ्याच्या पिनांना अगदी चिकटून १०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कपॅसिटर लावा, ध्रुव बघून. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. माझा एक ड्रायव्हर असाच गेला: कनेक्टर ढिला वाटला म्हणून हलवला, आणि तेवढ्यात तो मेला.