कामावरून काढल्याचं कंपन्या नुसत्या ईमेलने का कळवतात? समोर बसून का सांगत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना, आणि थोड्या वेळाने वैयक्तिक मेलवर नोकरी गेल्याचं पत्र दिसलं. मॅनेजरचा साधा फोनही नाही. वाचून फार वाईट वाटलं. मी बरीच वर्षं एचआरमध्ये काम केलंय, म्हणून हे आतून कसं चालतं ते सांगते.

यादी कितीतरी आधी तयार असते. एक्सेलमध्ये एकेका ओळीत एकेक माणूस : नाव, एम्प्लॉयी नंबर, वैयक्तिक ईमेल, शेवटची तारीख, द्यायची रक्कम. पत्राचा मसुदा वकिलांकडून तपासून आलेला असतो, त्यात नावं आणि आकडे आपोआप भरले जातात. तीच यादी वेळ घालून आयटीकडे जाते आणि त्या वेळेला सगळे अ‍ॅक्सेस बंद होतात. कुणी रागाच्या भरात डेटा घेऊन जाईल, अशी धास्ती असते. ऑफिसचा मेल बंद झालेला असतो म्हणूनच पत्र वैयक्तिक मेलवर येतं. तुमच्या मॅनेजरलाही कदाचित तासभर आधीच कळलं असेल, किंवा कळलंच नसेल.

लेखी पत्राला माझा विरोध नाही. नोटीस, पैसे, विमा यांची नोंद कागदावर हवीच, नाहीतर उद्या हक्क मागायला आधार काय? पण ते पत्र हातात पडण्याआधी कुणीतरी बोलायला हवं.

त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं : माणसं इतकी होती, एकेकाशी कसं बोलणार? मला हे अजिबात पटत नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओशॅक या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या कंपनीने मुख्यालयातल्या सुमारे 400 जणांना ईमेलने काढलं. तेवढ्या लोकांवर मॅनेजर किती असतील याचा विचार करा. एकेकाच्या वाट्याला थोडीच माणसं आली असती. जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 जणांची कपात जाहीर केली, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांना थेट ईमेल गेले. इतर देशांत मात्र तिथल्या कायद्यांमुळे आणि पद्धतींमुळे जास्त वेळ लागेल, असं सुंदर पिचाई यांनी त्याच दिवशीच्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे कायदा थांबायला लावतो तिथे कंपनीला थांबता येतं.

खरं कारण मला पी अँड ओ फेरीजच्या प्रकरणात सगळ्यात स्वच्छ दिसतं. मार्च 2022 मध्ये या ब्रिटिश कंपनीने जवळपास 800 खलाशांना आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवून काढलं. कायद्याने आधी युनियनशी चर्चा करणं बंधनकारक होतं. ती आम्ही ठरवून केली नाही, कुठलीही युनियन हे मान्य करणं शक्यच नव्हतं, असं कंपनीच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. समोरच्याला बोलू द्यायचंच नव्हतं! डिसेंबर 2021 मध्ये बेटर डॉट कॉम या अमेरिकेतल्या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी सुमारे 900 जणांना झूमवर काढलं. चेहरा दिसला, आवाज आला, पण काही मिनिटांत कॉल संपला. माझ्या लेखी त्यात आणि ईमेलमध्ये काडीचा फरक नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न विचारायची सोय नाही.

आणि माणसांना प्रश्न असतात. मी समोर बसून ही बातमी अनेकांना दिली आहे. ‘मलाच का?’ हे बऱ्याचदा नंतर येतं. आधी येतं, ‘विमा कधीपर्यंत चालू राहील?’ घरात कुणाचं तरी ऑपरेशन ठरलेलं असतं. मग, ‘टीमला माहीत आहे का?’ एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘उद्या दहाची क्लायंट मीटिंग माझ्याकडे आहे, ती कोण घेणार?’ नोकरी गेल्याचं ऐकून मिनिट झालं नव्हतं आणि त्यांना कामाची काळजी होती. त्या दिवशी मी त्यांच्या मॅनेजरला खोलीत बोलावून घेतलं, आणि दोघांनी बसून ते काम नीट वाटून दिलं. जाताना त्या रडल्या, पण सगळ्यांना भेटून गेल्या. नो-रिप्लाय पत्त्यावरून आलेल्या मेलला हे कुणी विचारायचं?

आता तुमचं. तो मेल आणि सोबतची पत्रं लगेच डाउनलोड करून ठेवा. सही मागितली असेल तर घाई करू नका. ‘माझा कोणताही दावा राहिला नाही’ अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे का बघा, आणि असेल तर आधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची तारीख, उरलेल्या रजांचे पैसे, रिलीव्हिंग लेटर आणि विम्याची मुदत एचआरकडून लेखी मागून घ्या. लॅपटॉप परत कराल तेव्हा पोच घ्यायला विसरू नका.

मॅनेजरला फोन तुम्हीच करा. कंपनीने बोलायला मनाई केली म्हणून कितीतरी मॅनेजर अशा वेळी गप्प बसतात आणि आतून कुढत असतात. पुढच्या नोकरीसाठी संदर्भ द्याल का, हे त्याच फोनवर विचारा.