मजला चढवण्याआधी आजीच्या हिश्शाचं बघा

प्रश्न : वडिलांनी नोकरीत असताना स्वतः प्लॉट घेऊन बैठं घर बांधलं. 2016 मध्ये ते वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दोन वर्षांनी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेली. आजोबा आधीच गेले होते. आता घरात आई, मी, बायको आणि दोन मुलं राहतो. जागा पुरत नाही. वर एक मजला चढवावा असं मला वाटतं, बायको म्हणते फ्लॅट घेऊ. थोरला भाऊ परगावी असतो. तो फोनवर म्हणाला, "तू बांध, मला काय करायचंय ते घर?" बहिणीच्या लग्नाचा सगळा खर्च वडिलांनी केला होता, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. घरपट्टी मी भरतो, पावतीही माझ्या नावाने येते. एक काका आणि एक आत्या आहेत, पण त्यांचा या घराशी संबंध नाही. मजला बांधू की घर बदलू?

उत्तर : आजी वडिलांच्या मागून गेली, हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागू होतो आणि आजीनेही मृत्युपत्र केलं नव्हतं, असं धरून लिहितो.

पुरुष मृत्युपत्र न करता गेला की त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिल्या वर्गातल्या वारसांचा हक्क लागतो. त्यात बायको आणि मुलं येतात हे सगळ्यांना माहीत असतं. मयताची आईही त्याच वर्गात येते, हे मात्र बहुतेकांच्या गावी नसतं. म्हणजे वडील गेले त्या दिवशी या घराचे पाच सारखे हिस्से झाले : आई, तुम्ही, भाऊ, बहीण आणि आजी. पुढे आजी गेली तेव्हा तिचा पाचवा हिस्सा तिच्या मुलामुलींकडे गेला. काकांना एक वाटा, आत्यांना एक, आणि वडील हयात नसल्याने त्यांचा वाटा तुम्हा तिघा भावंडांत. घराचे 45 भाग केले तर आईचे 9, तुम्हा भावंडांचे प्रत्येकी 10, काकांचे 3 आणि आत्यांचे 3. हिस्सा लहान आहे, पण सही मागायची वेळ आली की तीन भागवाल्याची सहीसुद्धा तितकीच लागते.

बहिणीचं म्हणाल तर लग्नात खर्च केला म्हणून वारसाहक्क संपत नाही. मुलींना हक्क 2005 पासून मिळाला असं जे सर्रास बोललं जातं, ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी 1956 च्या कायद्यापासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. तिने कोणी मालक होत नाही. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव लागल्यानेही होत नाही.

आता मजल्याचं. सहमालकाने सामाईक जागेवर स्वतःच्या पैशाने बांधलं म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही. उद्या वाटपाचा दावा झाला तर बांधणाऱ्याला त्याने बांधलेला भाग द्यावा किंवा त्याच्या खर्चाचा विचार व्हावा, असं न्यायालय न्यायबुद्धीने बघू शकतं. त्या 'शकतं'वर आयुष्यभराची पुंजी लावू नका. भाऊ आज मनापासून बोलतोय याबद्दल मला शंका नाही. पण तो उद्या नसेल तेव्हा त्याची बायको-मुलं त्याच्या जागी उभी राहतील, आणि फोनवरचं बोलणं त्यांना बंधनकारक नसतं.

शिवाय फोनवरच्या होकाराने नकाशा मंजूर होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, 1966 नुसार मजला चढवायला नियोजन प्राधिकरणाची (म्हणजे महापालिका, नगरपालिका वगैरेंची) परवानगी लागते आणि अर्जाबरोबर मालकीचे कागद द्यावे लागतात. तिथे बाकीच्या सहमालकांची संमती मागतील. कर्ज काढायचं तर बँकेचा वकील शोध अहवालात, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीत, याच मुद्द्यावर बोट ठेवेल; गहाणखतावर सगळ्या मालकांना यावं लागेल. विनापरवाना बांधून मागाहून नियमित करून घेऊ, असं कोणी ठेकेदार सुचवेल. पाडण्याची नोटीस आली तर ती ठेकेदाराच्या नावाने येत नाही. आणि हे सगळं करण्याआधी जुना पाया मजला पेलतो का आणि चटईक्षेत्र (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक आहे का, एवढं अभियंत्याला विचारा. तो नाही म्हणाला तर पुढचा खटाटोपच नको.

तो हो म्हणाला, तर भाऊ, बहीण, काका आणि आत्या यांच्याकडून तुमच्या लाभात हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा तुमच्यासाठी सोडल्याचा दस्त, करून घ्या. ते नोंदणीकृतच हवं. शंभराच्या स्टँपवर नोटरीपुढे लिहून दिलेल्या कागदाने स्थावरातला हक्क सुटत नाही. मुद्रांक शुल्क किती, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या, कारण काका-आत्यांच्या बाबतीत नात्याचा आणि मिळकतीच्या स्वरूपाचा (वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित) मुद्दा निघतो. कोणाला मोबदला हवा असेल तर खळखळ न करता द्या आणि तो बँकेतून द्या. आईचा हिस्सा मात्र आईच्याच नावावर राहू द्या. तिला तो तुम्हाला द्यायचा असेल तर मृत्युपत्र करता येतं. म्हातारपणी डोक्यावरच्या छपरात स्वतःचं नाव असणं फार मोलाचं असतं, हे मी अशी बरीच प्रकरणं पाहून सांगतो.

भाऊ-बहिणीला हक्क सोडायचा नसेल पण बांधायला हरकत नसेल, तर नोंदणीकृत वाटणीपत्र करून वरचा मजला तुमच्या वाट्याला लिहून घेता येतो. तो मार्ग लांबचा आहे, पण स्वच्छ आहे.

यातलं एक जरी माणूस सहीला तयार नसेल तर माझं मत तुमच्या पत्नीच्या बाजूने. मजल्यासाठी वाटपाचा दावा लावू नका. मुलांची शिक्षणं होतील, दावा चालूच असेल. फ्लॅट घ्या. घर सोडल्याने तुमचा हिस्सा जात नाही. बारा वर्षं बाहेर राहिलं की हक्क बुडतो, हा गैरसमज आहे. एका सहमालकाचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा धरला जातो, जोवर तो उघडपणे तुमचा हक्क नाकारत नाही. आई तिथे राहिली तरी चालेल, तुमच्याकडे आली तरी चालेल. मागाहून कोणी आपला हिस्सा परक्याला विकला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे त्याला राहत्या घरात येऊन बसता येत नाही. त्याला वाटप मागावं लागतं, आणि त्याने तसा दावा केला तर 1893 च्या वाटप कायद्याने तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तुम्हाला घेता येतो.

नव्या बांधकामातला फ्लॅट असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडून बघा, आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. बिल्डरला ती मागताच येत नाही. करारावर पत्नीचं नावही घाला.

आता पहिलं काम : वडिलांचं मूळ खरेदीखत काढा. प्लॉटचे पैसे आजोबांच्या शेतीतून किंवा एकत्र कुटुंबातून आले असतील तर वरचं 45 भागांचं गणित बदलेल. दुसरं, आजीने काही लिहून ठेवलं होतं का, हे काकांना आणि आत्यांना विचारा. त्या भेटीला सह्यांचे कागद घेऊन जाऊ नका. आपलाही या घरात वाटा आहे, हे आत्यांना बहुधा तुमच्याच तोंडून पहिल्यांदा कळेल; विचार करायला त्यांना महिनाभर द्या.