कलमं शेवटी लिही, आधी जबाब कसा लिहिला जातो ते बघ

अगं, तुझ्या प्रबंधाचं प्रपोजल दोनदा वाचलं. विषय एकदम योग्य निवडलायस, वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसाला कोर्टात न्याय मिळतो का, आणि त्यासाठी नाशिक जिल्हा म्हणजे बरोबर जागा, सुरगाणा पेठकडे कोकणा, कळवण बागलाणकडे भिली आणि अहिराणी, मालेगावात उर्दू, सातपूर अंबडच्या कंपन्यांमध्ये यूपी बिहारकडून आलेले कामगार. पण पहिली काही पानं तू नुसती कलमांवर घालवलीस, आणि माझं पहिलं सांगणं हेच आहे की ती पानं शेवटी लिही.

कारण कायदा कागदावर बराच चांगला आहे. १९६२ मध्येच सुप्रीम कोर्टाने हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये सांगितलं की स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत हातात देऊन वर तोंडी समजावून सांगितली तरी पुरत नाही, माणसाला येते त्या भाषेत आणि लिपीत द्यायला हवीत. २०२५ मध्ये मिहिर शाह केसमध्ये अटकेच्या कारणांबद्दलही तेच, लेखी द्या आणि त्याला समजेल अशा भाषेत द्या. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३१४ आहे, साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत चालली असेल तर त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात सांगायची. हे सगळं मांडून तू म्हणशील की अंमलबजावणी होत नाही, आणि तिथेच थांबशील. ते तर सगळ्यांना माहीत आहे. का होत नाही ते शोध.

माझ्या मते आपल्याकडे त्याचं कारण असं आहे की भाषा वेगळी आहे हेच कुठे लिहिलं जात नाही. आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी. सुरगाण्याची बाई साक्षीला उभी राहते, कोकणा बोलते, आणि सगळे गृहीत धरतात की ही मराठीच आहे, जरा गावाकडची. मग दुभाष्याचा प्रश्न उठतच नाही, उठला नाही म्हणून रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, येत नाही, आणि तू रेकॉर्डमध्ये दुभाषा शोधायला गेलीस तर तुला काही सापडणार नाही आणि तू लिहून मोकळी होशील की इथे अडचण नाही. जनगणनेचंही तसंच, २०११ च्या आकड्यांत अहिराणी खानदेशी या नावाखाली मोजलीय, आणि ज्याने विचारल्यावर मराठी सांगितलं तो मराठीत गेला. आकडे वापर, पण त्यांच्यावर सगळी इमारत उभी करू नकोस.

त्यापेक्षा एकच केस घे, निकाल लागलेली, आणि तिचा कागद गावापासून कोर्टापर्यंत पायरी पायरीने बघ. माणूस ठाण्यात तोंडी बोलतो. ठाणे अंमलदार ते स्वतःच्या पोलिसी मराठीत लिहितो, म्हणजे सदर इसम, नमूद वेळी, शिवीगाळ व दमदाटी. शेवटी ते ठरलेलं वाक्य, सदर जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. फिर्यादीवर सही नाहीतर अंगठा येतो, साक्षीदाराच्या जबाबावर तर सही घ्यायचीच नाही असा कायदा आहे (साक्षीदार कोर्टात मोकळेपणी बोलू शकावा म्हणूनही तो आहे, ते विसरू नकोस). मग कधीतरी, खूप उशिरा, उलटतपासात तोच जबाब पुढे येतो आणि वकील विचारतो की तुम्ही पोलिसांना हे सांगितलं नव्हतं. ओमिशन म्हणतात त्याला, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण जबाबात नसलेली गोष्ट. आता विचार कर, ज्या माणसाने दिवस सांगताना तारीख सांगितलीच नव्हती, आवणी (भाताची लावणी) चालू होती, बाजाराच्या आदल्या दिवशी, असं सांगितलं होतं, त्याच्या जबाबात तारीख आणि सुमारे किती वाजता हे कोणी घातलं? आणि कोर्टात तो परत आवणीच म्हणाला तर ती विसंगती कोणाची? तुझा सगळा प्रबंध या एका जागेवर उभा राहू शकतो इतकी ही जागा महत्त्वाची आहे आणि तिथे फार कमी लोक गेलेत.

सर्व्हेचा फॉर्म पाठवलायस त्यातला प्रश्न काढून टाक, तुम्हाला मराठी समजते का हा. सगळे हो म्हणणार, आणि खरंच म्हणणार, कारण बाजारात, एसटीत, द्राक्षाच्या मळ्यात मराठी चालतेच. कोर्टाची मराठी वेगळी. त्याऐवजी विचार की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा, पुढची तारीख कशासाठी होती, वकील काय म्हणाले. आणि मग ते रोजनाम्याशी ताडून बघ. फरक तुला लगेच दिसेल आणि तो फरक म्हणजे तुझा डेटा.

मालेगावला मात्र हीच पद्धत नेऊ नकोस. तिथे उलटं आहे. उर्दू बोलणाऱ्याचं तोंडी काम ठाण्यात आणि कोर्टात बऱ्यापैकी निभतं, बोलणं समजतं एकमेकांचं, पण उर्दू माध्यमात शिकलेल्या लूम कामगाराच्या हातात मराठी चार्जशीट आली की ती त्याच्यासाठी बंद. सुरगाण्यात कागदाची लिपी ओळखीची आणि बोलणं पोचत नाही, मालेगावात बोलणं पोचतं आणि कागद वाचता येत नाही. ही दोन प्रकरणं एकाच तक्त्यात कोंबशील तर दोन्ही वाया जातील.

सुरुवात कुठून करू असं विचारलंस. वनहक्क दाव्यांपासून कर, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर लोक हक्क मागतात त्या दाव्यांपासून. २००६ चा कायदा, आणि त्याच्या नियमांत जाणत्या वयस्कर माणसाचं म्हणणं हाही पुरावा धरलाय, फक्त ते लेखी हवं. म्हणजे म्हाताऱ्याचं बोलणं कागदावर कसं उतरतं ते तुला गावात बसून, वनहक्क समितीच्या फाईलमध्ये बघता येईल, आरोपी नाही, अटक नाही, त्यामुळे लोक मोकळेपणी बोलतात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून लोक मुंबईपर्यंत चालत गेले त्यातही हे दावे मोठा मुद्दा होते, त्यामुळे विषय लोकांच्या जिवाचा आहे, तुला ओढून ताणून बोलतं करावं लागणार नाही. फौजदारी केस नंतर.

आणि जाण्याची वेळ नीट ठरव. दिवाळीनंतर सुरगाणा पेठमधली कितीतरी घरं निफाड, दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला उतरतात, तेव्हा गावात गेलीस तर म्हातारी माणसं भेटतील फक्त. पण हेही तुझ्याच विषयाचं आहे, कारण समन्स गावातल्या पत्त्यावर जातं, माणूस मळ्यात असतो, तारीख चुकते आणि वॉरंट निघतं, त्यात भाषा आणि स्थलांतर दोन्ही गुंतलेले आहेत, वेगळे काढता येणार नाहीत.

दुभाषी कोण घेणार हे मला अजून कळलेलं नाही तुझ्या प्लॅनमधून. आश्रमशाळेचे शिक्षक चालतील, बारावी झालेली गावातली मुलगी सगळ्यात बरी, विशेषतः बायकांशी बोलायचं असेल तर, कारण कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात दीर किंवा नवरा शेजारी बसून भाषांतर करत असेल तर ती बाई काहीच सांगणार नाही. पोलीस पाटलांना दुभाषी करू नकोस, माणूस कितीही चांगला असला तरी ठाण्याला माहिती देणं हे त्यांचं काम आहे आणि लोक ते जाणून असतात. आणि दुभाष्याला दिवसाचे पैसे दे, बजेटमध्ये आत्ताच टाक, ते काम आहे.

आता सगळ्यात गंभीर. चालू केसमधल्या माणसाला घटना विचारायची नाही. प्रक्रिया विचार, घटना नाही. तुझं रेकॉर्डिंग कोर्ट मागवू शकतं आणि त्याने तुझ्यापाशी वेगळे शब्द वापरले म्हणून अडकणारा तोच असेल. संमती लेखी फॉर्मवर अंगठा घेऊन झाली असं धरू नकोस, नाहीतर तूही तेच करशील जे तू तपासायला निघालीस. त्याच्या भाषेत ऐकव, त्याला परत सांगायला लाव, आणि तेवढंच रेकॉर्ड कर. कोणी सल्ला मागितला तर स्वतः देऊ नकोस पण रिकाम्या हातानेही येऊ नकोस, आदिवासी माणसाला, बाईला, कोठडीतल्या कोणालाही मोफत वकिलाचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, विधी सेवेचा १५१०० हा नंबर आहे, तो सांग. आणि हो, तो मोफत वकील अशिलाशी कोणत्या भाषेत बोलतो, तारखेआधी किती वेळ बोलतो, हा प्रश्न तुझ्या यादीत नाहीये, घाल.

संमतीचा मजकूर आधी कोकणा भाषेत बोलून रेकॉर्ड कर, मग मराठी कर, मग इंग्रजी, या क्रमाने. झालं की तिन्ही मला पाठव, त्यावर बोलू, तोपर्यंत गावात फॉर्म घेऊन जाऊ नकोस.