पाच वर्षांच्या मुलांचे गेम, चाळिशीतले प्रश्न

या वेळची सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत: लहान मुलांसाठी काढलेले व्हिडिओ गेम मोठ्यांनी खेळणं. लाजत लिहिलेली आहेत, तशी चिडून लिहिलेलीही आहेत.

प्रश्न : डब्यावर 'पेगी ३' छापलंय. तीन वर्षांच्या पोराचा गेम, आणि मला एकेचाळिसाव्या वर्षी दुसरी लेव्हल पार होत नाही. हात इतके मंद झाले का?
– एक वाचक, सांगली

हात ठीक आहेत, तो आकडा फसवतो. पेगी ही युरोपातली वयोगटाची पद्धत २००३ पासून आहे आणि ती फक्त आशय बघते: मारामारी, शिव्या, भीती, जुगार. गेम सोपा की अवघड, याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. फुटबॉलचा 'फिफा' पेगी ३ होता. ऑफसाइड म्हणजे काय हे न कळणारं पोर दहा मिनिटांत कंट्रोलर टाकून देईल. 'कपहेड' हा जुन्या कार्टूनसारखा दिसणारा गेम पेगी ७ आहे आणि तो भल्याभल्यांना घाम फोडतो. अमेरिकेतल्या ईएसआरबी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेकडे खास चिमुरड्यांसाठी 'ईसी' असा वेगळा शिक्का होता. तो २०१८ मध्ये बंद झाला. आता तिथला सगळ्यात खालचा शिक्का 'ई', म्हणजे सर्वांसाठी. सर्वांना जमेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

गेम खरोखर लहानांसाठी बनवलाय का हे ओळखायचं असेल, तर एकच गोष्ट बघा: खड्ड्यात पडल्यावर काय होतं? लेगोच्या गेममध्ये गडी फुटतो, जमवलेली नाणी, म्हणजे स्टड, थोडी सांडतात आणि तो तिथेच पुन्हा उभा राहतो. कर्बी हा निंटेंडोचा गोल गुटगुटीत गडी १९९२ मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आला तेव्हा त्याचे निर्माते मासाहिरो साकुराई यांनी तो नवख्यांसाठीच आखला होता. कर्बी तोंडात हवा भरून उडतो, त्यामुळे खड्डा चुकवायला अचूक उडी मारावी लागत नाही. पडणं जिथे इतकं स्वस्त असतं, तो लहानांचा गेम. बाकी वाचावं किती लागतं आणि एका वेळी किती बटणं दाबावी लागतात, हे पाच मिनिटांच्या व्हिडिओतही दिसतं. विकत घेण्याआधी तेवढं बघावं.

प्रश्न : आईला ६८ वं चालू आहे. बोटांत संधिवात. नातवंडं मारिओ कार्ट खेळतात, तिलाही खेळायचंय, पण 'ए' बटण धरून अंगठा भरून येतो. काय करता येईल?
– एक वाचक, डोंबिवली

निंटेंडो स्विचवरच्या 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये याची सोय आहे, पण ती नजरेला पडत नाही. गाडी निवडण्याच्या स्क्रीनवर 'प्लस' दाबा. तिथे तीन गोष्टी चालू-बंद करता येतात: स्मार्ट स्टिअरिंग, ऑटो अ‍ॅक्सिलरेट आणि टिल्ट. ही सेटिंग प्रत्येक खेळाडूची वेगळी असते. एकाच शर्यतीत आजी मदत घेऊन आणि नातू मदतीशिवाय, असं सहज चालतं.

ऑटो अ‍ॅक्सिलरेट चालू केलं की 'ए' धरून ठेवावं लागत नाही. आईंचा अंगठा दुखतो तो शर्यतभर त्या एकाच बटणावर दाब ठेवल्यामुळे. स्मार्ट स्टिअरिंग गाडीला कडेवरून खाली जाऊ देत नाही; ते चालू असलं की गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते. या दोन्ही मदती घेतल्या की आईंना वळणं आणि 'एल' (हातात आलेली वस्तू फेकणं) एवढंच उरतं.

टिल्टबद्दल सावध राहा. कंट्रोलर तिरका केला की गाडी वळते. स्टिक ढकलणं दुखत असेल तर हीच सोय उपयोगी. पण शर्यत रंगात आली की हात मांडीवर उतरतात, कंट्रोलर एका बाजूला कलतो आणि गाडी सारखी डावीकडे ओढली जाते. मग कंट्रोलर खराब आहे असा सगळ्यांचा समज होतो. उशी मांडीवर घ्या, कोपर तिच्यावर टेकवा, कंट्रोलर आपोआप सपाट राहतो. तरी गाडी ओढतच असेल तर टिल्ट बंद करा.

सुटा जॉय-कॉन, म्हणजे स्विचच्या दोन छोट्या कंट्रोलरपैकी एकच, आईंच्या हातात देऊ नका. तो आडवा धरला की वस्तू 'एसएल'ने आणि ड्रिफ्ट (वळणावर गाडी घसरवणं) 'एसआर'ने होते. ही बटणं अरुंद, कडेला आणि बोटांना टोचणारी असतात. दोन्ही जॉय-कॉन ग्रिपमध्ये बसवून द्या, किंवा प्रो कंट्रोलर. सुटा द्यायचाच असेल तर मनगटाची पट्टी आधी चढवा, तिच्यामुळे ती बटणं मोठी होतात. पट्टीवर '+' किंवा '−' अशी खूण असते, तीच खूण जॉय-कॉनवर असायला हवी. उलटी सरकवली की पट्टी अशी अडकते की काढताना घाम येतो.

५० सीसीने, म्हणजे सगळ्यात कमी वेगाने, सुरुवात करा. गडी हलका निवडा, म्हणजे बेबी मारिओसारखा, आणि चाकं रोलर. हलका गडी धडक बसल्यावर चटकन पुन्हा वेग धरतो. नवख्याला धडका जास्त बसतात, म्हणून वरच्या वेगापेक्षा हे महत्त्वाचं.

शर्यतीचा कंटाळा आला तर 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' (२०२३) बघा. त्यातल्या बारा जणांपैकी चार योशी आणि नॅबिट यांना शत्रूंचा मार लागत नाही. त्यांना ताकदीच्या वस्तूही वापरता येत नाहीत, ही त्याची किंमत. खड्डा मात्र त्यांनाही खड्डाच. चौघं मिळून खेळत असाल तर मेलेला गडी भूत होऊन तरंगतो आणि पाच सेकंदांत कुणी शिवलं की जिवंत होतो, तेव्हा आईंच्या जवळ कुणीतरी राहावं. आधीच्या मारिओंसारखे गडी एकमेकांवर आदळत नाहीत. घरात निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न : सहा वर्षांच्या लेकीबरोबर 'कर्बी अँड द फरगॉटन लँड' खेळते. तिला मजा येण्याऐवजी ती रडते. मी तर तिला मदतच करत असते.
– एक वाचक, पुणे

कर्बी तुमच्या हातात आहे असं दिसतं. तो लेकीला द्या.

या गेममध्ये (२०२२) दोघं खेळू शकतात, पण कॅमेरा पहिल्या खेळाडूच्या, म्हणजे कर्बीच्या मागे जातो. दुसरा खेळाडू भाला घेतलेला बँडाना वॉडल डी असतो. तो मागे पडला की उचलून कर्बीजवळ आणला जातो. म्हणजे तुम्ही पुढे पळालात की लेक एखादं फूल बघत उभी असते आणि एकदम भलतीकडेच प्रकट होते. तिच्या लेखी कुणीतरी तिला हाताला धरून ओढलं. शिवाय शत्रूला गिळून त्याची विद्या घेणं, आख्खी मोटार तोंडात कोंबून फिरणं, ही सगळी चंगळ कर्बीची. तुम्ही भाला घ्या, तिच्या मागे राहा आणि सोडवायचा, बंद पिंजऱ्यातला वॉडल डी दिसला तरी लगेच बोट दाखवू नका.

सुरुवातीला दोन पर्याय विचारले जातात, स्प्रिंग-ब्रीझ आणि वाइल्ड. पहिला घ्या. तो नंतर केव्हाही बदलता येतो.

लेगोच्या गेममध्येही हाच घोळ होतो, फक्त उलट. २००७ च्या 'लेगो स्टार वॉर्स : द कम्प्लीट सागा'मध्ये दोघांना एकच चौकट असते, ती फुटत नाही. एक उजवीकडे आणि दुसरा डावीकडे गेला की दोघंही कडेला अडतात. दोघं लांब गेल्यावर पडद्याचे दोन भाग होण्याची सोय लेगोमध्ये 'इंडियाना जोन्स २'पासून, म्हणजे २००९ पासून आली. लहान मुलाबरोबर खेळायचं असेल तर त्यानंतरचेच घ्या.

प्रश्न : ट्रॉफ्या जमवायचा नाद आहे. 'माय फ्रेंड पेप्पा पिग' प्लॅटिनम (बाकी सगळ्या ट्रॉफ्या मिळाल्यावरची ट्रॉफी) सोपं म्हणून घेतला. आता ऑफिसातले मित्र माझ्या प्रोफाइलवर ते गुलाबी डुक्कर बघून हसतात. ती नोंद पुसता येईल?
– एक वाचक, नवी मुंबई

पुसता येणार नाही. प्लेस्टेशनवर एक जरी ट्रॉफी मिळाली की गेम यादीत कायमचा. शून्य टक्के असेल तरच काढता येतो. पण लपवता येतो: प्रायव्हसी सेटिंगमध्ये इतरांपासून लपवायचे गेम निवडायची सोय आहे. एक्सबॉक्सवरही गुण शून्य असतील तरच नोंद निघते. पीसीवरच्या गेमचं दुकान असलेल्या स्टीमवर लपवायची सोय मार्च २०२४ च्या सुमारास आली. लायब्ररीत गेमवर उजवं क्लिक, मग 'मॅनेज', मग 'प्रायव्हेट'. स्विचवर तुमच्या पानावरच्या युजर सेटिंगमध्ये 'प्ले अ‍ॅक्टिव्हिटी' कुणाला दिसावी ते ठरवता येतं.

हसणाऱ्यांना सांगा, हा नाद जुना आहे. एक्सबॉक्स ३६० वरच्या 'अवतार : द बर्निंग अर्थ' या २००७ च्या पोरांच्या गेममध्ये पूर्ण १००० गुण पहिल्याच लेव्हलमध्ये, 'बी' बटण बडवत राहून, काही मिनिटांत मिळायचे. सगळी बक्षिसं एकाच फटक्यांच्या साखळीवर होती, पन्नास फटक्यांपर्यंत. मोठ्या माणसांनी तो गेम भाड्याने आणला तो याच्यासाठी. पेप्पात निदान चिखलात उड्या तरी माराव्या लागतात.

प्रश्न : 'पजामा सॅम'ची १९९६ ची सीडी माळ्यावर सापडली. नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलच होत नाही. आणि यूट्यूबवर बघितलं तर टॉर्च वेगळ्याच जागी. मला चांगलं आठवतंय की ती तिथे नव्हती!
– एक वाचक, बेळगाव

तुम्हाला आठवतंय तेही बरोबर आणि व्हिडिओतलंही बरोबर. ह्यूमंगस कंपनीच्या या गेममध्ये सॅमला शोधायच्या वस्तू, म्हणजे मुखवटा, टॉर्च आणि डबा, दर वेळी नवा खेळ सुरू केला की वेगळ्या जागी पडतात. पोरांनी पुन्हापुन्हा खेळावं म्हणून केलेली ही युक्ती, आणि आज मोठ्यांनाही हा गेम दोनदा खेळावासा वाटतो तो त्यामुळेच.

इन्स्टॉल न होण्याचं कारण बहुधा असं: त्या काळचे कित्येक इन्स्टॉलर १६-बिट होते, आणि ६४-बिट विंडोज ते चालवतच नाही. 'कम्पॅटिबिलिटी मोड'शी झटापट करू नका. स्कमव्हीएम नावाचा, असे जुने गेम चालवणारा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो अँड्रॉइडवरही चालतो. सीडीवरच्या ज्या फाइलींच्या नावाच्या शेवटी 'एचई' आणि एक आकडा आहे, त्या सगळ्या एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, म्हणून एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून ती दिसतील असं करा, नाहीतर एकाच नावाच्या चार फाइली दिसतील आणि तुम्ही एकच उचलाल. मग स्कमव्हीएममध्ये 'अ‍ॅड गेम' दाबून फोल्डर निवडा. फाइल नाही, फोल्डर.

गेम सुरू झाला पण सॅम मुका असेल, तर 'एचई२' फाइल आलेली नाही. आवाज तिच्यात असतो. सीडीवर चरा असला की कॉपी बहुतेक वेळा मोठ्या फाइलीवरच अडते. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही, आणि जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. नाहीच झालं तर हे गेम आज स्टीमवर विकत मिळतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. मूळ चित्रच ६४० × ४८० चं आहे, ते ताणू नका. लांबलेली बडबड 'एस्केप'ने तोडता येते.

प्रश्न : कर्बी आणि मारिओ कार्ट दोन्ही आवडतात, पण फारच सोपे. अवघड करायचे कसे?
– एक वाचक, कोल्हापूर

मारिओ कार्टमध्ये पहिलं काम म्हणजे स्मार्ट स्टिअरिंग बंद करणं. ते चालू असताना कित्येक आडवाटा बंद राहतात आणि ड्रिफ्टचा तिसरा, जांभळ्या ठिणग्यांचा टप्पा मिळतच नाही. निळा, नारिंगी, बस्स. मग २०० सीसी, म्हणजे सगळ्यात जास्त वेग. तिथे नुसतं ड्रिफ्ट करून वळण मिळत नाही, ड्रिफ्ट धरून ठेवून मध्येच 'बी'ने ब्रेक टोचावा लागतो. दोन-तीन दिवस भिंतींवर आपटाल.

कर्बीत वाइल्ड घ्या आणि विद्या सुधारून घ्यायच्या नाहीत असं स्वतःला बजावा. मूळ तलवार, मूळ बॉम्ब यांवरच शेवटपर्यंत जा. 'ट्रेझर रोड' नावाच्या छोट्या जादा लेव्हल पार करणं सोपं आहे, ते ठरलेल्या वेळेच्या आत पार करून दाखवा. तिथे अर्धा सेकंद वाया जातो तो बहुतेक वेळा उडण्यात. लहान मुलांच्या सोयीसाठी दिलेली ती हवा तुम्ही भरायची नाही, पळायचं.