जर्मन बोलायची प्रॅक्टिस करायला मुंबईत ग्रुप असतात का? आणि जाऊन खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की बी१ चा (जर्मनची मधली पातळी) क्लास संपून तीन महिने झाले, मुलुंडला राहता, घरी-ऑफिसात जर्मन बोलणारं कोणी नाही, शिकलेलं हळूहळू विसरायला होतंय आणि चारचौघांत बोलायची लाज वाटते. शेवटचं वाचून हसू आलं, कारण मी पण अगदी तिथेच अडकले होते.

ग्रुप असतात, भरपूर असतात. फायद्याचं मात्र सरसकट सांगता येत नाही, मी दोन ग्रुप सोडलेत आणि तिसऱ्यात आता चौथं वर्ष चालू आहे, त्यामुळे थोडं लांबण लावून सांगते.

मी विक्रोळीची, अकाउंट्सचं काम करते, जर्मनशी माझा काडीचा संबंध नव्हता. बहीण लग्न करून श्टुटगार्टला गेली (आपल्या मुंबईचं आणि श्टुटगार्टचं १९६८ पासून जुळ्या शहरांचं नातं आहे, हे मला क्लासमध्येच कळलं, बहिणीला अजून माहीत नव्हतं). तिची मुलगी मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. "मावशी" एवढा एक शब्द मराठीत आणि पुढे सगळं धाडधाड, मी आपली व्हिडिओ कॉलवर मान हलवत बसायचे. म्हणून चाळिशीत क्लास लावला. बी१ ची परीक्षा पण पास झाले. त्यात वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, बोलण्यात मी कशीबशी सुटले. मोठ्या ऐटीत भाचीला फोन केला, तर म्हणाली मावशी तू टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलतेस. आणि ती जे बोलते ती तिकडची श्वाबिश बोली, थोडंसं म्हणायला आपल्याला पुस्तकात 'बिसश्यन' शिकवतात आणि ती म्हणते 'बिसलं'. झालं कल्याण.

मग पहिला ग्रुप शोधला, एका अ‍ॅपवरून, वांद्र्याच्या एका कॅफेत. वीस-बावीस जण, सगळे छान कपडे घालून आलेले. गोल बसायचं आणि ओळख करून द्यायची, इश हाइसं अमुक, इश कोमं आउस मुंबई, माझा छंद वाचन. दर आठवड्याला निम्मे लोक नवीन, म्हणून दर आठवड्याला पुन्हा ओळख. सहा आठवड्यांत मी सहा वेळा सांगितलं की मला वाचायला आवडतं, आणि खरं सांगायचं तर मी वाचतही नाही एवढं. ओळख झाली की दहा मिनिटं शांतता, मग कोणीतरी म्हणायचं "सो, व्हॉट डू यू डू?" की संपलं, पुढचा तास इंग्रजी-हिंदी. एक सी१ वाले (बी१ च्या दोन पायऱ्या वरचे) गृहस्थ होते ते मध्ये मध्ये डेर-डी-डास, म्हणजे नामाआधीचे लिंग दाखवणारे शब्द, चुकले की टोकायचे. कॉफीचे साडेतीनशे जायचे ते वेगळेच.

लोक वाईट नव्हते हो. पण ओळख संपली की जर्मन संपायची, कारण बोलायला विषयच नव्हता, आणि "प्रॅक्टिस" हा काही बोलायचा विषय नाही. आपण मराठीत तरी कुणाशी प्रॅक्टिस म्हणून बोलतो का? बोलायचं असतं म्हणून बोलतो.

दुसरा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपचा. रोज सकाळी फुलांचा फोटो आणि 'गूटन मॉर्गन', दुपारी व्हिसा एजंटांच्या जाहिराती, रात्री पीडीएफ. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरा म्हणजे आमच्याच क्लासच्या बॅचमधले पाच जण, कोणी बदलापूर, कोणी बोरिवली, म्हणून मध्ये पडतं ते दादर. पहिले दोन-तीन आठवडे इथेही तेच, हवामान, छंद, कुटुंब. मग एका शनिवारी आमच्यातल्या एक बाई उशिरा आल्या, चेहरा लाल, सोसायटीच्या मीटिंगमधून थेट आलेल्या. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी यांच्या छतातून गळतंय, तो वरचा म्हणतो माझा संबंध नाही, सेक्रेटरी म्हणतो तुमचं तुम्ही बघा. त्यांना एवढा राग आलेला की मराठीत सांगायचं भानच राहिलं नाही, की फक्त जर्मनच बोलायचा नियम पाळायचा म्हणून, माहीत नाही, पण मोडक्यातोडक्या जर्मनमध्येच सुरू झाल्या. छताला डेके म्हणतात ते आठवलं, गळतंय आठवेना, तर हाताने टप टप करून दाखवलं. कोणीतरी मोबाइलमध्ये बघून ओरडलं, "एस ट्रॉप्फ्ट!" टपकतं, ट्रॉप्फ्ट, आता जन्मात विसरणार नाही. आणि मुंबईत लीकेज कोणाकडे नाही? पाचही जण सुटले. भूतकाळ चुकला, लिंग चुकलं, डाटिव विभक्ती तर खड्ड्यात गेली, पण दीड तास एक शब्द इंग्रजी नाही. घड्याळ बघितलं तेव्हा विश्वास बसेना.

पुढच्या आठवड्यात आम्ही ठरवून सोसायटीची एजीएमच घेतली, जर्मनमध्ये. एक चेअरमन, एक सेक्रेटरी, एक वरच्या मजल्यावरचा, एक भाडेकरू ज्याला कोणी बोलू देत नाही, आणि मी ती बाई जी दर मीटिंगला पार्किंगचाच विषय काढते. त्यासाठी शब्द शोधावे लागले. फ्लॅटमालकांच्या मीटिंगला 'आयगनट्यूमरफरझामलुंग' म्हणतात, विरार फास्ट एवढा लांब शब्द आहे पण फोडला की सोपा, मालक अधिक सभा. मालक लोक दर महिन्याला जे भरतात ते 'हाउसगेल्ड', म्हणजे आपलं मेंटेनन्सच. बहिणीला फोनवर हे शब्द टाकले तर ती उडालीच, म्हणे हे तर आमच्याकडे रोजचं आहे, तुला क्लासमध्ये शिकवलं का? क्लासमध्ये आम्हाला स्टेशनवर तिकीट काढायला शिकवलं होतं, जे तिकडे मशीनवर निघतं.

त्यानंतर एकच पद्धत ठेवली, दर वेळी एकाने भांडण आणायचं. भांडण म्हणजे खरंच भांडण नाही, पण ज्यावर दोन मतं होतील असं काहीतरी. गणपतीत लालबागला जायचं तर मुखदर्शनाची रांग की नवसाची, किती वाजता निघायचं, लहान मूल घेऊन जायचं का. लोकलमध्ये चौथी सीट मागणं हा हक्क आहे की विनंती. घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीला किती द्यायचे. हे परीक्षेलाही उपयोगी पडतं बरं का, बी१ च्या तोंडी परीक्षेत दोन-दोन जणांना एकत्र बसवतात आणि पहिलंच काम असतं की दोघांनी मिळून काहीतरी ठरवा, मग एका विषयावर छोटं प्रेझेंटेशन, मग त्यावर प्रश्न-उत्तरं. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. आमच्यातल्या एकीचा बोलण्याचा भाग राहिला होता, तिने लालबागवर घोटून घेतलं आणि तेवढाच भाग परत देऊन पास झाली (एक भाग राहिला तर चारही परत द्यावे लागत नाहीत, तेवढाच देता येतो).

आता लाजेचं. पहिल्या दोन वेळा गप्प बसलात तरी चालेल, पण गप्प बसायला तीन वाक्यं पाठ करून जा: 'नोखमाल बिटं' म्हणजे परत एकदा, 'लांगझामर बिटं' म्हणजे जरा हळू, आणि 'वी झाग्ट मान दास आउफ डॉइच?' म्हणजे याला जर्मनमध्ये काय म्हणतात. या तिघांवर मी एक अख्खी संध्याकाळ काढलीय. सगळ्यात जास्त लाज टोकल्याची वाटते, म्हणून आमच्याकडे बोलताना कोणी मध्ये सुधारायचं नाही. पाळीपाळीने एक जण चुका कागदावर लिहितो आणि शेवटी प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन सांगतो. चौथी चूक सांगितली की चहा त्याच्याकडे.

आणि एक, मनात इंग्रजीतून बनवू नका, मराठीतून बनवा. मला हे फार उशिरा कळलं. 'वाइल' म्हणजे कारण, ते आलं की जर्मन क्रियापद उचलून वाक्याच्या शेवटी टाकतात आणि इंग्रजीतून विचार करणाऱ्यांची तिथे दाणादाण उडते. आपलं तर क्रियापद शेवटीच असतं. 'वाइल इश म्यूडं बिन', कारण मी दमलेली आहे, शब्दाला शब्द ठेवून बघा. तो-ती-ते पण आपल्याकडे तिन्ही आहेत, हिंदीत 'ते' उरलेलं नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून वर्गात सगळे हसले होते, पण आपण 'ते पोरगं' म्हणतोच की. कुठल्या वस्तूला काय लावायचं ते मात्र पाठच करायला लागतं, तिथे मराठी वाचवत नाही. तू आणि तुम्हीचा घोळही आपल्याला नवा नाही, 'डू' आणि 'झी', कोणाला काय म्हणायचं ते पोटातून कळतं.

ग्रुपमध्ये जर्मन माणूस पाहिजेच असंही नाही. आमच्याकडे एकदा ओळखीतून एक जर्मन मुलगा आला, इथे इंटर्नशिपला आलेला, तर पहिला अर्धा तास आम्ही सगळे असे गप्प जसे मुलगी बघायला आलेत. शेवटी लीकेजचा विषय काढला. तो म्हणाला आमच्याकडे भाड्याच्या घरात गळत असेल तर भाडंच कमी देता येतं, त्याला शब्दही आहे, 'मीटमिंडरुंग'. आमचा कोणाचा विश्वास बसेना. त्यावर जे काही झालं ते आमचं आजवरचं सगळ्यात चांगलं जर्मन.

शोधायचं कुठे? आधी तुमच्या बॅचच्या लोकांना फोन करा, गंमत नाही, लेव्हल सारखी असलेले लोक दुसरीकडे मिळत नाहीत. ते नाही जमलं तर काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात (जर्मन सांस्कृतिक केंद्र) जा, लायब्ररी आहे, सिनेमे-प्रदर्शनं होतात, तिथे सिनेमा संपल्यावर बाहेर पायरीवर जे रेंगाळतात ना ते तुमच्या कामाचे लोक. कलिनाला विद्यापीठात जर्मन विभाग आहे, तिथली मुलंही बघा. शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला (श्टुटगार्ट त्याचीच राजधानी), त्यामुळे नर्सिंगवाले, इलेक्ट्रिशियन वगैरे जर्मन शिकायला लागलेत आणि त्यांना बोलायची गरज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे, असा एखादा मिळाला तर सोडू नका, ती माणसं टाइमपास करत नाहीत. जुहूला वगैरे बागेत बसून पुस्तक वाचायचे ग्रुप आहेत, छान आहेत, पण ते गप्प बसून वाचतात, तुम्हाला नेमकं उलटं पाहिजे.

(बोलूनच भाषा टिकते हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. शाळेत असताना मी संस्कृत भारतीचं संभाषण शिबिर केलं होतं, दहा दिवस, रोज दोन तास. पहिल्या दिवसापासून वस्तू दाखवून थेट संस्कृतच बोलायचे, व्याकरणाचं नाव नाही. 'चमसः' म्हणजे चमचा अजून लक्षात आहे, आठवीतले शब्द चालवून पाठ केलेले सगळे गेले.)

अ‍ॅपवरून अनोळखी ग्रुपला जाणार असाल तर दिवसाची वेळ, उघडी जागा, आणि पहिल्याच भेटीत नंबर द्यायची गरज नाही. भाषेच्या नावाखाली वेगळ्याच प्रॅक्टिसला आलेले भेटतात, मला वांद्र्यात दोन भेटले. पाच-सहा जणांपेक्षा मोठा ग्रुप असेल तर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं पण येत नाहीत, तेही बघा.

जागेसाठी पैसे घालवू नका. आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतो, फुकट, आणि आजूबाजूला एवढा गोंगाट असतो की आपलं जर्मन कोणाला ऐकू जात नाही. पावसाळ्यात पंचाईत होते. एका उडप्याकडे दोन तास दोन-दोन चहांवर बसायचो, तर वेटरने एकदा टेबल तीन वेळा पुसलं, समजलो आम्ही. आता जून ते सप्टेंबर आळीपाळीने कोणाच्या तरी घरी. आणि रविवार अजिबात ठेवू नका, तुम्ही मुलुंडच्या म्हणजे तुम्हाला सांगायला नको, माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक निघाला की निम्मा ग्रुप घाटकोपरला अडकतो. आमचे सुरुवातीचे तीन रविवार असेच गेले, म्हणून शनिवार संध्याकाळ केली.

पाच जण जमले नाहीत तर दोघी सुद्धा पुरतात. आणि तुमच्या सोसायटीत एखादं चांगलं, जुनं, न मिटणारं भांडण असेल तर खाली कमेंटमध्ये टाका, आमचे विषय संपत आलेत.